रात्री अडीच वाजता निर्णय कोणाचा?



मंडळाच्या कोजागरीला आटीव दुधाचा पेला हातात येतो न येतो तोच एका वहिनींनी मला गाठले. त्यांचे सासरे गावाहून व्हिजिटवर आले होते आणि न्यूमोनिया होऊन आठ दिवस रुग्णालयात होते. आता ते बरे आहेत, पण वहिनींच्या मनातला राग काही गेला नव्हता. "डॉक्टर येतात, दोन मिनिटं उभे राहतात आणि जातात. सिस्टरना विचारावं तर त्या म्हणतात डॉक्टरांना विचारा. मग ताई, आम्ही विचारायचं तरी कुणाला?" मी काही बोलणार एवढ्यात शेजारचे एक काका म्हणाले, "अहो, सिस्टरला काय विचारता? ती बिचारी हुकमाची ताबेदार!" सगळे हसले, मीही हसले. घरी परतताना गाडीत मात्र ते वाक्य मला टोचत राहिले. दुसऱ्याच दिवशी संपादकांचा फोन आला की आरोग्य आणि अर्थ या पानांसाठी काहीतरी लिहा. तेव्हा वहिनींचा प्रश्न आणि काकांचे उत्तर, दोन्ही इथेच घेते. काकांनी राग मानू नये.

या देशात मी एकतीस वर्षे ही ताबेदारी केली. त्याआधी मुंबईत म्युनिसिपालिटीच्या रुग्णालयात साडेतीन वर्षांचा जनरल नर्सिंगचा कोर्स आणि तिथेच काही वर्षे नोकरी. १९९३ साली इकडे आले, आधी अबू धाबी, मग शारजा. शेवटची सोळा वर्षे वॉर्डची इन-चार्ज होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, म्हणून आता मोकळेपणाने लिहिता येते.

माझे मत असे आहे. सकाळच्या राउंडला डॉक्टर जो निर्णय घेतात तो महत्त्वाचा असतोच, त्याबद्दल वाद नाही. पण पेशंट बिघडतो तो बहुधा राउंडच्या वेळी बिघडत नाही. तो रात्री अडीच वाजता बिघडतो. त्या वेळी पलंगापाशी असते ती नर्स, आणि आता कुणाला उठवायचे की थोडे थांबून पाहायचे, हा निर्णय तिचा असतो. तो कुठल्याही केसपेपरवर आधी लिहून दिलेला नसतो. आणि ती नर्स तो निर्णय घेईल की गप्प बसेल, हे तिच्यावर जेवढे अवलंबून असते त्याहून जास्त तिच्या वर जी इन-चार्ज आहे तिच्यावर अवलंबून असते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी स्वतः एकदा चुकले आहे, म्हणून सांगते.

गोष्ट १९९६ची. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. मी तेव्हा नुसती स्टाफ नर्स होते, पण त्या रात्रीच्या पाळीची चार्ज माझ्याकडे होती. सर्जिकल वॉर्ड, अठ्ठावीस पेशंट, आम्ही चौघी. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातले एक गृहस्थ होते, बांधकामावर फोरमन, वय पंचेचाळीसच्या आसपास. दुपारी पित्ताशयाचे ऑपरेशन झालेले. त्यांच्याकडे कोट्टायमहून नवीनच आलेली एक मुलगी होती, नोकरीला जेमतेम चार महिने झालेले. अडीचच्या सुमारास ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सिस्टर, मला तो पेशंट बरा दिसत नाही."

मी जाऊन पाहिले. नाडी ११८. श्वास मिनिटाला २६. वरचे ब्लडप्रेशर १०८, म्हणजे फार वाईट नाही. ताप नाही. ड्रेनच्या बाटलीतही विशेष काही नव्हते. माणूस मात्र अस्वस्थ, सारखा कूस बदलत होता, मध्येच उठून "साइटवर जायचंय" म्हणत होता. त्यांची पत्नी खुर्चीत बसून होती. तिने माझा हात धरला आणि आपल्या मराठीत म्हणाली, "सिस्टर, हे असे कधीच वागत नाहीत हो. कितीही दुखलं तरी गप्प असतात." मी तिला, तेही मराठीतच, समजावले की भुलीच्या औषधाचा अंमल उतरताना असे होते, काळजी करू नका.

त्याच आठवड्यात एका सर्जनना रात्री उठवले म्हणून आमच्या एका सिस्टरला फोनवर असे काही ऐकावे लागले होते की ती भांडारघरात जाऊन रडली होती. ते सर्जन आणि हे सर्जन एकच. मी त्या मुलीला म्हटले, "आणखी एकदा बघू. पाचला बीपी घेऊ, मग ठरवू." ती "ओके सिस्टर" म्हणाली आणि गेली. तिच्या चेहऱ्यावर काय होते ते मला दिसले होते. दिसले नाही असे म्हणणार नाही.

पावणेपाचला त्यांचे ब्लडप्रेशर ७० झाले. मग धावपळ, फोन, रक्त, थिएटर. आत रक्तस्राव होत होता. ड्रेनच्या नळीचे तोंड गुठळीने बुजले होते, म्हणून बाटली कोरडी. ते वाचले. पण इतका वेळ रक्तदाब पडून राहिल्याने मूत्रपिंडाला धक्का बसला, आयसीयूत अकरा दिवस काढले, पुढे काही आठवडे डायलिसिस झाले. साइटवरचे काम पुन्हा झेपेना. कंपनीने हिशेब केला आणि व्हिसा रद्द होऊन ते कुटुंब गावी गेले. दोन मुले इथे शाळेत होती. मला कुणी दोष दिला नाही. कागदोपत्री माझे काहीच चुकले नव्हते: अडीचला नोंद, पाचची ठरलेली. जाताना त्या बाईंनी मला पेढे आणून दिले. ते मी घरी नेले नाहीत.

आता थोडे शास्त्र सांगते, कारण ते घरीही उपयोगाचे आहे. आतून रक्त जाऊ लागले की शरीर रक्तवाहिन्या आवळते आणि हृदय जोरात चालवते. त्यामुळे अंगातले पंधरा ते तीस टक्के रक्त जाईपर्यंत ब्लडप्रेशरचा आकडा बऱ्याचदा ठीकच दिसतो. आपण सगळे बीपीकडे डोळे लावून बसतो, आणि ते पडते तेव्हा उशीर झालेला असतो. आधी बदलतात ते नाडी, श्वास आणि माणसाचे वागणे. श्वास मोजायला यंत्र लागत नाही, घड्याळ लागते आणि एक मिनिट लागते. म्हणूनच बहुधा तो नीट मोजला जात नाही.

इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली यासाठी गुणांची एक पद्धत काढली, २०१७ साली ती सुधारली. श्वास, ऑक्सिजन, ब्लडप्रेशर, नाडी, शुद्ध, ताप, प्रत्येकाला गुण. बेरीज पाच झाली की तातडीने डॉक्टर, सात झाली की धावतच यायचे. सुधारलेल्या पद्धतीत "नव्याने आलेला गोंधळलेपणा" यालाही तीन गुण दिले आहेत. मी एका रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्या फोरमनचे गुण मांडले. श्वास २६ चे तीन, नाडी ११८ चे दोन, ब्लडप्रेशर १०८ चा एक, आणि "साइटवर जायचंय" याचे तीन. नऊ. अडीच वाजता नऊ! त्या मुलीला कुठलीही पद्धत ठाऊक नव्हती आणि त्या बाईंना तर मुळीच नव्हती, पण दोघींचे उत्तर बरोबर आले होते. चुकले ते माझे.

अशी पद्धत हाताशी असली म्हणजे नर्सचे डोके लागत नाही, असे मात्र कुणी समजू नये. कागद सांगतो की फोन कर. फोन उचलायला माणूसच लागतो, आणि काही वेळा तर कागदही नसतो.

२६ नोव्हेंबर २००८ची रात्र आठवा. मुंबईच्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे या परिचारिका प्रसूतिपूर्व वॉर्डमध्ये रात्रपाळीला होत्या. वॉर्डात वीस गर्भवती. अतिरेकी आवारात शिरले, पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, एक सहकारी जखमी झाली. कुलथे सिस्टरांनी वॉर्डचे दरवाजे लावले, वीसही बायकांना टोकाच्या पँट्रीत नेऊन बसवले आणि जखमी सहकारी स्त्रीला उपचारासाठी पोहोचवले. त्या गोंधळात एका बाईला कळा सुरू झाल्या, तर तिला हाताला धरून जिन्याने वर लेबर रूमपर्यंत नेले. या प्रत्येक पावलाला कुणाची ऑर्डर होती? पुढे त्यांनी कसाबला ओळखले आणि कोर्टात साक्ष दिली, तीही आपल्या गणवेशात. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे त्यांनी ही हकीकत सांगितली. आपण त्यांना शूर म्हणतो आणि त्या शूर आहेतच. पण माझ्या नजरेला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: कुणाला हलवायचे, कुणाला आधी न्यायचे, कोणता दरवाजा बंद करायचा, हा क्रम. तो क्रम वर्षानुवर्षे वॉर्ड चालवणाऱ्या बाईलाच सुचतो.

ही एका रात्रीची गोष्ट झाली. दुसरी बेचाळीस वर्षांची आहे. आमच्या वेळी नर्सिंगला आलेल्या प्रत्येक मुलीला ती ठाऊक असायची. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अत्याचार झाला आणि त्या पुन्हा शुद्धीवर अशा आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधल्या सगळ्या काळात वॉर्ड नंबर चारमध्ये परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना भरवले, पुसले, कुशीवर वळवले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला बेडसोर होऊ न देणे म्हणजे काय, हे ज्याने घरात एखादे म्हातारे माणूस महिनाभर सांभाळले आहे त्याला सांगायला नको. पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात जाऊन त्यांना मरू द्यावे अशी विनंती केली. ७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. काही अटींवर आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवता येतील असे न्यायालयाने मान्य केले, पण अरुणा यांच्या बाबतीत बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असे ठरवले.

विराणीबाईंची बाजू मला कधी कधी पटते, खोटे कशाला सांगू. त्या देहाला आणखी किती वर्षे ठेवायचे, असे मलाही वाटे. पण न्यायालयाने "निर्णय कोणाचा" या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते मला मोलाचे वाटते. ज्यांच्या हातांनी रोज घास भरवला, त्यांचा.

लांब कशाला, इथल्याच अल ऐनमध्ये पाहा. १९६० साली केनेडी दांपत्याने तिथे ओएसिस रुग्णालय सुरू केले, तेव्हा या देशाचा जन्मही झाला नव्हता. १९६२ साली गर्ट्रूड डिक नावाची कॅनेडियन नर्स तिथे आली आणि अडतीस वर्षे राहिली. गावातले लोक तिला "डॉक्टरा लतीफा" म्हणत. ती डॉक्टर नव्हती. पण वाळवंटातून उंटावर नाहीतर लँडरोव्हरमध्ये घालून आणलेल्या बाईकडे कोण पाहते आणि काय करायचे ते कोण सांगते, हे लोकांना दिसत होते. पदवीचा कागद त्यांनी पाहिलाच नाही.

आता काका म्हणतील, हे सगळे अपवाद. रोजच्या वॉर्डात असे काही नसते. तर रोजच्या वॉर्डाचेही सांगते. लिंडा एकिन या अमेरिकन संशोधिकेने २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नर्सकडे एक पेशंट जास्त दिला की ऑपरेशन झालेल्या पेशंटांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात निघाले. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांतही तोच सात टक्क्यांचा आकडा आला. नर्स हुकमाची ताबेदार असती तर चार पेशंट काय आणि आठ काय, हुकूम तेवढेच! फरक पडतो तो डोळ्यांचा. आठ जणांमध्ये वाटली गेलेली नजर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते.

इन-चार्जचे खरे काम इथे सुरू होते. लोकांना वाटते की ती ड्युटीचा तक्ता करते, कपाटाच्या किल्ल्या सांभाळते आणि ओरडते. (ओरडत होते, कबूल.) पण पाळी सुरू होताना ओव्हर घेतला की तिला ठरवायचे असते की सर्वांत आजारी पेशंट कुणाकडे द्यायचा, कोणत्या नवख्या मुलीच्या शेजारी कोणती जुनी ठेवायची, कोणता पलंग काउंटरजवळ ओढायचा. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, घाबरलेली मुलगी येऊन "मला बरं दिसत नाही" म्हणाली की तिला काय उत्तर द्यायचे.

आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांच्या रुग्णालयात हा प्रश्न आणखी बिकट होतो. वॉर्डात सहा देशांच्या मुली, डॉक्टर आठ देशांचे, पेशंट वीस देशांचे. त्या मुलीच्या मागे घरचे कर्ज असते, धाकट्या भावाची फी असते, परवाना आणि व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. रात्री मोठ्या डॉक्टरांना उठवायचे आणि काही निघाले नाही तर? तक्रार झाली तर? ही भीती खोटी नाही. ती तिला एकटीला झेपणारी नाही, म्हणून ती वरच्याने घ्यायला हवी. मी १९९६च्या त्या रात्री ती घेतली नाही.

पुढे इन-चार्ज झाल्यावर मी वॉर्डात एकच नियम केला. ज्या मुलीला शंका आली तिने फोन करायचा. निघाले काही तर श्रेय तिचे, नाही निघाले तर शिव्या माझ्या. एकदा एका फिलिपिनो मुलीने पहाटे तीनला सर्जनना बोलावून घेतले आणि पेशंट अगदी ठणठणीत निघाला, नुसता गॅस झाला होता. सर्जन माझ्याकडे लालबुंद होऊन पाहू लागले. मी म्हटले, "डॉक्टर, चहा घेऊन जा." त्या मुलीलाही चहा दिला, तोही सर्वांसमोर. त्यानंतर माझ्या वॉर्डातून रात्रीचे फोन वाढले, हे खरे. कार्डिअ‍ॅक अरेस्टची धावपळ कमी झाली, हेही खरे. माझे ठाम मत आहे की प्रत्येक रुग्णालयाने हा नियम लेखी करावा, आणि रात्रीच्या चार्ज नर्सकडे स्वतःचे पेशंट देऊ नयेत. तिच्या अंगावर सहा पेशंट टाकून तिला वॉर्डवर नजर ठेवायला सांगणे म्हणजे बस चालवणाऱ्याला तिकिटेही फाडायला लावणे. व्यवस्थापनाला हा खर्च वाटतो. आयसीयूतल्या अकरा दिवसांचा खर्च कोणी मांडून पाहिला आहे का?

आता वहिनींचा प्रश्न: विचारायचे कुणाला. आपला माणूस दाखल झाला की पहिल्याच पाळीत विचारून घ्या की आजची चार्ज नर्स कोण. पाळी बदलली की ती बदलते, साधारण सकाळी आणि संध्याकाळी सातला. ओव्हर चालू असताना मध्ये बोलू नका, अर्ध्या तासाने जा. तुमच्या घरातून एकानेच बोलायचे ठरवा. सकाळी मुलगा, दुपारी जावई, संध्याकाळी पुण्याहून फोनवर आत्या, असे झाले की सिस्टर हळूहळू सगळ्यांनाच "डॉक्टरांना विचारा" म्हणू लागते, आणि मी तिला दोष देणार नाही. औषधांची यादी द्या, त्यात गावाहून आणलेले काढे आणि चूर्णेही सांगा. लाजू नका, आम्ही सगळे पाहिलेले असते.

आणि निदान कळावे म्हणून जेवढे प्रश्न विचाराल त्याहून जास्त तुम्हाला जे ठाऊक आहे ते सांगा. बाबा एरवी किती बोलतात, किती चालतात, रात्री झोपतात की नाही, हे आम्हाला कुठल्या यंत्रावर दिसत नाही. "हे असे कधी वागत नाहीत" हे वाक्य तक्रार नव्हे, ती माहिती आहे. ते म्हणूनही कुणी लक्ष दिले नाही तर शांतपणे सांगा की श्वास, नाडी आणि बीपी आत्ता माझ्यासमोर पुन्हा घ्या. मग चार्ज नर्स. मग रात्रीच्या नर्सिंग सुपरवायझर, त्या मोठ्या रुग्णालयात चोवीस तास कुणीतरी असतातच. मग ड्युटी डॉक्टर. ओरडायची गरज नाही, पण खुर्चीत परत जाऊन बसायचीही नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०१३ पासून घरच्यांना असा दुसरा डॉक्टर बोलवायचा हक्क आहे. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी २०२१ साली जंतुसंसर्गाने गेली; तिच्या आईवडिलांनी काळजी बोलून दाखवली होती, ती कुणी मनावर घेतली नाही. त्यानंतर २०२४ पासून तिच्याच नावाचा नियम तिथल्या रुग्णालयांत आला: घरच्यांनी मागितले की दुसऱ्या पथकाने येऊन तातडीने पाहायचे. आपल्याकडे मुंबईत आणि इथे आखातातही असा नियम प्रत्येक दारावर लागलेला मला पाहायचा आहे.

हे पान अर्थाचेही आहे, म्हणून पैशाचे दोन शब्द. पुष्कळ जण रात्री "विम्याचं अप्रूव्हल येऊ दे" म्हणून घरीच थांबतात. बहुतेक पॉलिसींत आधी मंजुरी लागते ती ठरवून करायच्या तपासण्या आणि ऑपरेशनना. जिवावरच्या दुखण्याला नाही. ९९८ फिरवा, टॅक्सी शोधत बसू नका. १ जानेवारी २०२५ पासून उरलेल्या अमिरातींतही खाजगी नोकरदार आणि घरकामगार यांच्या निवासी व्हिसासाठी विमा सक्तीचा झाला आहे, तेव्हा घरी काम करणाऱ्या बाईचे कार्ड कुठे आहे तेही पाहून ठेवा. आणि आईवडिलांना व्हिजिटवर आणताना स्वस्तातली प्रवासी पॉलिसी घेतली असेल तर जुन्या आजारांचे कलम वाचा. बहुतेकांत डायबिटीस, हृदयविकार वगळलेले असतात. वहिनींच्या सासऱ्यांचे बिल त्यांनीच भरले, तेव्हा त्यांना हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आणखी एक राहिले. आपल्या मंडळात डॉक्टर आहेत, इंजिनिअर तर पोत्याने आहेत, नर्स किती? मी इथे आले तेव्हा आपल्यातल्याच एका बाईंनी मला विचारले होते, "नर्सिंग का गं? मार्क कमी पडले का?" मार्क कमी नव्हते, घरी पैसे कमी होते; पण तेव्हा उत्तर सुचले नाही. मे २०२५ मध्ये दुबई हेल्थमधल्या पंधरा वर्षांहून जास्त सेवा झालेल्या नर्सना गोल्डन व्हिसा जाहीर झाला, आणि लगेच दोन घरांतून मला मुलींच्या प्रवेशाची चौकशी करणारे फोन आले. व्हिसासाठी का होईना, चौकशी झाली. त्या मुलींना मी सांगितले की इंजेक्शन द्यायला सहा महिन्यांत येते. रात्री फोन उचलायला यायला पुष्कळ वर्षे लागतात.

कोट्टायमची ती मुलगी आता साठीला टेकली आहे. इथून ती इंग्लंडला गेली आणि तिकडे मोठ्या पदावर पोहोचली. दर ओणमला तिचा फोन येतो, दर दिवाळीला मी करते. मुलांचे, गुडघ्यांचे, सुनांचे सगळे बोलून होते. त्या रात्रीबद्दल तिने तीस वर्षांत एक शब्द काढलेला नाही, आणि मीही नाही. हा अंक छापून आला की तिला पाठवणार आहे. तिला मराठी येत नाही, तेव्हा फोनवर मलाच वाचून इंग्रजीत सांगावे लागेल.